नावाआधी ‘बहुधा’ छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : रविवारच्या पुरवणीतील ‘सीतेची वेणी’ या छायाचित्राखालचे नाव

गेल्या रविवारच्या पुरवणीत वाचकांनी पाठवलेल्या छायाचित्रांच्या पानावर, उजवीकडे वर, गुलाबी फुलांचा एक लोंबता घोस छापून आला आहे. खाली ओळ अशी : ‘सीतेची वेणी, शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा’. फोटो देखणा आहे. फांदीवरचं शेवाळ, मागचं धुकं, सगळं छान आलंय. पण ती ऱ्हिंकोस्टायलिस नव्हे, एरिडिस आहे. दोन्ही झाडांवर वाढणाऱ्या ऑर्किड, पण वेगळ्या. आमच्या अंकात रंग जरा फाकला होता, म्हणून शेजाऱ्यांचाही अंक मागून आणला आणि भिंग लावून दोन्ही पाहिले. मत बदललं नाही.

‘सीतेची वेणी’ या मराठी नावाबद्दल माझी तक्रार नाही. लोक दोन्हींना तेच म्हणतात, कोणी द्रौपदीची वेणी म्हणतं, आणि त्या नावांवरून कोणाशी भांडण्यात अर्थ नाही. वेणीसारखा घोस दिसला की वेणी. लॅटिन नावाचं तसं नसतं. ते छापलं की ‘हीच ती’ असा दाखला दिल्यासारखं होतं. लोक कात्रण कापून वहीत चिकटवतात, शाळेची मुलं प्रकल्पात उतरवून काढतात.

आता फरक सांगतो. ऱ्हिंकोस्टायलिसचा घोस कोल्ह्याच्या शेपटासारखा गच्च असतो. फुलं दांड्याभोवती चहूबाजूंनी इतकी खेटून बसतात की मधला दांडा दिसत नाही. तुमच्या फोटोत दांडा ठिकठिकाणी दिसतो, शिवाय खालच्या बाजूला त्याला एक छोटी फांदी फुटलेली आहे. ऱ्हिंकोस्टायलिसचा घोस फांद्या काढत नाही. पानं पाहा. ऱ्हिंकोस्टायलिसचं पान लांब पट्ट्यासारखं, मधून पन्हाळीसारखं दुमडलेलं, आणि त्यावर उभ्या फिकट रेघा असतात. फोटोतलं पान आखूड, रुंद, जाड आहे आणि रेघा नाहीत. पानाचं टोक कुरतडल्यासारखं दुभंगलेलं आहे खरं, पण ती खूण दोघींतही सापडते, तिच्यावर विसंबू नये. सगळ्यात पक्की खूण फुलाच्या मागे असते. ऱ्हिंकोस्टायलिसच्या ओठाच्या, म्हणजे फुलातल्या सगळ्यात वेगळ्या दिसणाऱ्या पाकळीच्या, बुडाशी दोन्ही बाजूंनी चेपलेली पिशवी असते, ती मागे जाते. एरिडिसची शुंडिका, म्हणजे शेपटी म्हणा, आकड्यासारखी पुढे वळलेली असते. तुमच्या फोटोत डावीकडून तिसऱ्या फुलाला ती दिसते. बाकी सगळी फुलं समोरून टिपली आहेत, त्यामुळे त्यांची शुंडिका लपली आहे. दोघी फुलतात मे-जूनमध्येच, दोघींच्या पाकळ्यांवर जांभळट ठिपके आणि ओठ भडक गुलाबी. लांबून फसगत होणारच.

मी वनस्पतिशास्त्र शिकलेला नाही. एस.टी.त वाहक होतो, १९८६ ते २०१८. त्यातली बहुतेक वर्षं एकाच घाटातून जाणाऱ्या फेरीवर गेली. घाटाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे येईल. वाहकाची एक सवय असते, सगळं नोंदवायची. वे-बिलावर टप्पा, प्रवासी, रक्कम. माझ्या खिशात वे-बिलाबरोबर आणखी एक वही असायची, तिच्यात तारीख, वळण आणि फूल. सुरुवात १९९१ च्या फेब्रुवारीत झाली. घाटात गाडी तापली. ड्रायव्हर बॉनेट उघडून बसला आणि मी कॅन घेऊन झऱ्यावर पाणी आणायला गेलो. झऱ्याशेजारच्या झाडाच्या आडव्या फांदीवर नुसत्या वाळक्या काड्यांचा जुडगा लोंबत होता. एकही पान नाही, आणि त्या मेल्यासारख्या दिसणाऱ्या काड्यांवर पांढरीशुभ्र फुलं. वहीत लिहिलं : ‘पांढरी फुलं, पानं नाहीत, काड्या.’ पुढे तिला मी आकडा दिला, क्रमांक एक.

नऊ वर्षं मी क्रमांक एकच्या नोंदी करत होतो. माझ्या वहीप्रमाणे ही वनस्पती नोव्हेंबरात फुलायला लागते ती थेट मार्चअखेरपर्यंत थांबत नाही. मला त्याचं मोठं कौतुक वाटायचं. गाडीतल्या लोकांना सांगायचो, पाच महिने फुलणारी वेल दाखवतो या. २००० साली वनस्पतिशास्त्राच्या एक प्राध्यापिका विद्यार्थ्यांना घेऊन त्या फेरीने जायला लागल्या. त्यांनी वही पाहिली. पानं उलटली, पुन्हा पहिल्यापासून उलटली आणि म्हणाल्या, “मास्तर, ही एक नाही. तुम्ही दोघींना एकाच तिकिटावर बसवलंय.”

माझा विश्वास बसेना. पुढच्या फेऱ्यांना मी दोन्ही नीट पाहिल्या. नोव्हेंबरात येणारी, ती डेंड्रोबियम ओव्हेटम. फुलं लहान, रंग दुधाळ पिवळसर, ओठाच्या आत हिरवट झाक. वर्ष उलटल्यावर जी जोर धरते, ती डेंड्रोबियम बार्बाट्युलम. तिची फुलं मोठी, पांढरीफेक, कधी किंचित गुलाबी छटेची. काड्या दोघींच्या जवळपास सारख्या, फुलताना पानं दोघींची गळलेली, बसतात दोघी एकाच झाडावर. जानेवारीच्या आसपास काही आठवडे असे असतात की एकीची शेवटची आणि दुसरीची पहिली फुलं एकदमच दिसतात. माझी पाच महिन्यांची फुलं या सांध्यामुळे अखंड दिसत होती. गंमत म्हणजे नोंदीत पुरावा होता. दर वर्षी जानेवारीत मीच लिहिलेलं, ‘फुलं यंदा मोठी झाली.’ मोठी झाली म्हणजे कशी झाली, हा प्रश्न नऊ वर्षांत एकदाही मनात आला नाही.

ओव्हेटमची हकिकत त्या मॅडमनी सांगितली ती माझ्या वहीच्या मागच्या पानावर आहे. कोचीनचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडे याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंड तयार करून घेतले, ते छापून निघाले १६७८ ते १६९३ या काळात. त्यात हिचं चित्र ‘अनंतली मारवर’ या मलबारी नावाने आलं. शास्त्रीय नावांची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने झाड न पाहता त्या चित्रावरून १७५३ साली तिला शास्त्रीय नाव दिलं. बार्बाट्युलमला नाव मिळालं १८३० मध्ये, लिंडली या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाकडून. म्हणजे दोघींची नावं पडण्यात पाऊणशे वर्षांचं अंतर. मी नऊ वर्षं घेतली, तर फार नाही.

याच्या उलट चूकही मी केली आहे, आणि ती जास्त लाजेची आहे. वहीत क्रमांक चौदा होतं, ‘जूनच्या पहिल्या पावसात पालापाचोळ्यातून उभा एक दांडा, वर फिकट फुलं, पान अजिबात नाही.’ आणि क्रमांक एकतीस होतं, ‘जुलै, जमिनीजवळ एकच पान, हृदयाच्या आकाराचं, ठसठशीत शिरा, फूल कधीच नाही.’ दोन्ही एकाच वळणावर, एकाच आंब्याखाली. क्रमांक एकतीसला फूल का येत नाही याची मी तीन पावसाळे वाट पाहिली. ही नर्व्हिलिया. फूल आधी येतं, ते सुकून गेल्यावर पान येतं, आणि दोघं एकमेकांचं तोंड सहसा पाहत नाहीत. दोन वेगळ्या वेलींना मी एक आकडा दिला आणि एकाच झाडाला दोन. नर्व्हिलियात जात ओळखायची तर बहुधा पानासाठी पुन्हा त्याच जागी जावं लागतं. कॉनकलरचं पान देठावर उभं, गुळगुळीत. प्लिकाटाचं पान जमिनीला टेकलेलं, चुण्याचुण्यांचं, लवदार. पुरवणीत जूनमध्ये नर्व्हिलियाचा फोटो आला आणि खाली जातीचं नाव ठामपणे छापलेलं असलं, की मला फोटो काढणाऱ्याला विचारावंसं वाटतं : जुलैत परत गेला होतात का?

पण खरा गोंधळ पाहायचा तर पावसाळ्यात पठारांवर, पांढऱ्या हॅबेनारियांमध्ये. मराठीत सगळ्यांना मिळून आमरी म्हणून मोकळं होता येतं. दर जुलै-ऑगस्टात तुमच्याकडे ‘पांढरी आमरी’ अशा ओळीखाली चार तरी फोटो येतात, आणि ते चार फोटो बहुतेकदा चार वेगळ्या जातींचे असतात. पावसाबरोबर सगळ्यात आधी येते ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस. नाव उच्चारायला आठवडा लागतो, ओळखायला क्षण पुरतो, जर खाली वाकलात तर. तिचं पान साधारणपणे एकच, गोलसर, जमिनीला असं चिकटलेलं की कोणीतरी शिक्का मारून गेलंय. त्यातून एक दांडा आणि वर पांढरी फुलं. रॅरिफ्लोरा हिचीच बहीण वाटते, फुलं तशीच पांढरी, पण ती कड्याच्या ओल्या कपारीत राहते. पानं अरुंद आणि अनेक, फुलं एक-दोन, फार तर तीन. रॅरिफ्लोरा म्हणजेच मोजक्या फुलांची. फक्त फुलाचा जवळून काढलेला फोटो पाठवला तर या दोघींत भलेभले चुकतात. कारण फोटो काढणाऱ्याने जी गोष्ट गबाळी म्हणून चौकटीबाहेर टाकली, ते पान आणि तो खडक, तीच ओळख होती.

लाँगिकॉर्निक्युलाटा नंतर येते, पाऊस मुरल्यावर. नावाचा अर्थच लांब शिंगवाली. तिची शुंडिका बोटापेक्षाही लांब, फुलामागून खाली लोंबत असते, आणि तिच्या तळाशी मध. ज्या निशाचर पतंगाची सोंड तेवढी लांब असेल त्याच्यासाठीच ती सोय आहे. आता हाच फोटो समोरून काढा. शुंडिका फुलाच्या मागे गेली, उरली नुसती पांढरी आमरी. हेनियाना तर एका नजरेत कळावी. तिची सगळी फुलं दांड्याच्या एकाच बाजूला तोंड करून रांगेत बसतात, म्हणून तिला टूथब्रश आमरी म्हणतात. पण त्या रांगेच्या अगदी समोर उभं राहून फोटो घेतला तर ब्रश दिसत नाही, नुसती साधी मंजिरी दिसते. क्रिनिफेराच्या ओठाचे असे काही भाग पडतात की पांढरा झगा घातलेली बाहुली वाटते. ती शेवाळलेल्या झाडांच्या बुंध्यांवरही दिसते, आमरीसारखी जमिनीतली म्हणून शोधत बसलात तर हुकते. पाचगणीचं नाव घेऊन मिरवणारी एक हॅबेनारिया पंचगणिएन्सिसही आहे. संतापाव आणि कपाडिया यांनी तिचं नामकरण केलं. ती मी पाहिलेली नाही आणि पाहिल्याचा दावा करणाऱ्या दोघांचे फोटो मला पटलेले नाहीत.

याच रांगेत पेरिस्टायलस घुसतात. हिरवट, बारीक फुलांच्या. हॅबेनारिया आणि पेरिस्टायलस यांच्यातली सीमा शास्त्रज्ञांनाही त्रास देते असं मॅडम म्हणायच्या. सामान्य माणसाला उपयोगी पडणारी खूण एकच : पेरिस्टायलसची शुंडिका आखूड, बऱ्याचदा नुसती पुरचुंडी. पक्की खूण कुक्षीच्या, म्हणजे परागकण झेलणाऱ्या भागाच्या, ठेवणीत असते, हॅबेनारियात तिचे दोन भाग दांडीवर पुढे आलेले असतात, पेरिस्टायलसमध्ये चिकटून बसलेले. त्यासाठी भिंग हवं आणि पावसात ओल्या जमिनीवर उताणं पडायची तयारी हवी. गणवेशात मला ती कधी परवडली नाही.

उलटासुलटा हा एक वेगळाच विषय आहे. ऑर्किडचं फूल कळीत असताना त्याचा ओठ वरच्या बाजूला असतो. उमलताना बहुतेक जातींत देठ अर्धा वळसा घेतो आणि ओठ खाली येतो, कीटकाला उतरायला फळी मिळावी म्हणून. क्रेपिडियमसारख्या काहींत मात्र उमललेल्या फुलात ओठ वरच राहतो. तिच्याशी लायपॅरिस या दुसऱ्या जमिनीवरच्या ऑर्किडची हमखास गल्लत होते. लायपॅरिसचा ओठ खाली असतो आणि स्तंभ, म्हणजे फुलाच्या मधोमधचा खांब, लांब, कमानीसारखा. क्रेपिडियमचा स्तंभ आखूड, ठेंगणा. म्हणजे वर काय आणि खाली काय यावरच ओळख ठरते. दोन वर्षांपूर्वी तुमच्या पानावर जागेत मावावा म्हणून एक लोंबता घोस उभा करून छापला होता. दिसायला छान दिसत होता. मी त्या फोटोपुढे अर्धा तास डोकं खाजवत बसलो, मग अंकच फिरवून धरला.

मोबाइलवर फोटो दाखवला की नाव सांगणारी सोय आता आहे, आणि बहुतेक वाचक नावं तिथूनच घेत असणार. मुलीने माझ्याही फोनवर घालून दिली आहे. ओव्हेटमचा स्पष्ट फोटो तिला दाखवला. पहिल्यांदा तिने कुंडीत वाढवायच्या एका संकराचं नाव सांगितलं, दुसऱ्यांदा बार्बाट्युलम. मशीनला दोष देत नाही. तिला तारीख सांगितली नव्हती, फुलाचा आकार मोजायला शेजारी काही ठेवलं नव्हतं, आणि तीच चूक मी नऊ वर्षं केली होती. आता मी फुलाशेजारी माझा जुना तिकिटांचा चिमटा धरून फोटो काढतो. त्याची लांबी मला पाठ आहे.

पानांवरून नाव द्यायच्या तर भानगडीत पडूच नये. व्हँडा टेसेलाटा आणि व्हँडा टेस्टेशिया फुलावर असतील तर पोरसवदा माणूसही सांगेल. टेसेलाटाच्या तपकिरी-हिरवट पाकळ्यांवर फरशीसारख्या चौकटी आणि ओठ निळा-जांभळा. टेस्टेशियाची फुलं बरीच लहान, पिवळट. पण फुलं नसताना दोघी म्हणजे अरुंद, पन्हाळीसारख्या पानांच्या दोन पेंढ्या. ओबेरोनियाच्या वाटेला मी जात नाही. तिची पानं सपाट दाबलेल्या वेणीसारखी, एवढं कळलं की ओबेरोनिया म्हणायचं आणि हात जोडायचे. फुलं मोहरीएवढी, पावसात, फांदीच्या टोकाला. तिच्या जाती सांगणाऱ्या माणसाविषयी मला आदर आहे आणि थोडी शंकाही.

ऑर्किड फुलाशिवाय ओळखू येत नाही हे सगळ्या जगाने मान्य केलंय. वन्य प्राणी आणि वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा ‘साइट्स’ हा करार १९७५ मध्ये अमलात आला. त्यात ऑर्किडचं अख्खं कुळ दुसऱ्या परिशिष्टात घातलेलं आहे, काही मोजक्या जाती त्याहून कडक अशा पहिल्या परिशिष्टात. अख्खं कुळ घालण्याचं एक कारण हेच, की कस्टमच्या टेबलावर फूल नसलेली दोन रोपं ठेवली तर कोणतं दुर्मीळ आणि कोणतं साधं हे तिथला माणूस सांगू शकत नाही. आपल्या देशातल्या जातींचा आकडा भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने २०१९ मध्ये १,२५६ असा दिला होता. इतक्या गर्दीत सारखे चेहरे निघणारच.

आता या सगळ्याने बिघडतं काय, असं कोणी म्हणेल. माझ्यापुरतं सांगतो. निवृत्त व्हायच्या दोन वर्षं आधी आमच्या घाटात रस्ता रुंद करायचं ठरलं आणि झाडांची मोजणी झाली. त्या यादीची प्रत माझ्या हातात आली होती. झऱ्याजवळच्या झाडापुढे शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘बांडगूळ आहे’. बांडगूळ! बांडगूळ झाडाच्या आत मूळ घुसवून रस ओढतं, जणू त्याच फांदीला फुटलेली परकी फांदी. ऑर्किडची मुळं बाहेर, सालीला बिलगलेली, पांढरट, जाड. त्यांच्यावर स्पंजासारखं आवरण असतं, ते पाऊस आणि धुकं पितं. मुळाचं वाढतं टोक हिरवं असतं. झाडाकडून तिला बसायला जागा सोडून काही नको असतं. एवढा फरक लिहिणाऱ्याला ठाऊक असता तर तो शेरा पडला नसता.

झाड पडलं त्या दिवशी मी रजा घेतली होती. आडव्या फांद्यांवर मी सात प्रकार मोजले. काही उत्साही मुलं आली होती, त्यांनी मिळतील तेवढी ऑर्किडं काढून शेजारच्या झाडांना सुतळीने बांधली. त्यांचा हेतू मोलाचा होता. पण सातही त्यांना एकच वाटत होती, सगळी बुंध्याला, दाट सावलीत, हाताला येईल त्या उंचीवर बांधली गेली. मी सांगून पाहिलं की ही जाड, आखूड पानांची उन्हातली आहे, तिला वर फांदीवर न्या. गणवेश नसलेल्या वाहकाचं कोण ऐकतो! डेंड्रोबियम जगल्या, त्या चिवट असतात. एरिडिस दुसऱ्या पावसाळ्यानंतर दिसल्या नाहीत.

तर आपणाकडे माझं मागणं असं. फोटो पाठवणाऱ्यांना छापील सूचना देता ना, नाव-गाव-फोन, त्यात आणखी एक ओळ घाला : फुलाचा बाजूने काढलेला एक फोटो, पानांसकट पूर्ण झाडाचा एक, आणि काढल्याची तारीख. जमिनीवर होतं, खडकावर की झाडावर, हेही. छापायचा तो सुंदर फोटो छापा, बाकीचे ओळख पटवायला ठेवा. हे सगळं नसेल तर जातीचं नाव छापू नका, प्रजातीवर, म्हणजे लॅटिन नावाच्या पहिल्या शब्दावर थांबा. नुसतं ‘हॅबेनारिया’ लिहिलं तर पानाची शोभा कमी होत नाही. गावाचं नाव मात्र छापू नका, तालुकाही नको, ‘सह्याद्री’ पुरे. एका झाडावरच्या फुलांचा फोटो गावासकट प्रसिद्ध झाला, तेव्हा पंधरवड्यात ती फांदी मोकळी झालेली मी पाहिली आहे. कोणी नेलं माहीत नाही, फांदीवर सोललेल्या मुळांच्या रेघा तेवढ्या होत्या. कासच्या पठाराचं नाव लपवता येणार नाही. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं, सगळ्यांना ठाऊक आहे. पण तिथेही ग्रँडिफ्लोरिफॉर्मिसचं पान जमिनीशी चिकटलेलं असतं आणि फोटो काढणारा गुडघा टेकतो तो बऱ्याचदा त्याच्यावरच.

आता मूळ फोटोकडे. मी वर ‘एरिडिस आहे’ असं ठासून लिहिलंय, त्यावर ठाम आहे. कोणती एरिडिस, हे सांगताना माझा हात जरा थांबतो. आखूड, जाड, रुंद पानं आणि ठिपके पाहता ती मॅक्युलोजा असावी. पण क्रिस्पाही याच मोसमात फुलते. तिचं खोड लांब वाढतं, फुलं मोठी, आणि ओठाच्या कडेला झालर असते. तुमच्या फोटोत खोड पानांआड आहे, आणि ओठांच्या कडा छपाईत अशा विरल्या आहेत की झालर होती की नाही हे भिंगातून कळत नाही, भिंगातून छपाईचे ठिपके दिसतात. फोटो पाठवणाऱ्याकडे मूळ फाइल असेल. त्यांना विचारा, ओठाची कड गुळगुळीत आहे की कुरळी. खोडाचा एखादा फोटो आहे का. गुळगुळीत असेल तर पुढच्या अंकात दुरुस्ती छापताना ‘एरिडिस मॅक्युलोजा’ असं छापा. उत्तर आलं नाही तर ‘एरिडिस, बहुधा मॅक्युलोजा’. बहुधा हा शब्द जागेअभावी कापू नये ही विनंती.

सोबत कात्रण जोडलं आहे. डावीकडून तिसऱ्या फुलाच्या शुंडिकेवर लाल शाईने बाण केला आहे.

कळावे,
आपला नियमित वाचक,
निवृत्त एस.टी. वाहक
(नाव-पत्ता पाकिटावर आहे, छापू नये)

ता. क. : १९९१ ते २००० या काळात माझ्या फेरीवर प्रवास केलेल्या ज्या कोणाला मी पाच महिने फुलणारी वेल दाखवली, त्यांनी कृपया नोंद घ्यावी. त्या दोन होत्या.